‘डिस्पॅच बघतो’ हे इंग्रजीत कसं सांगायचं?

नाशिकच्या सातपूर औद्योगिक पट्ट्यात पहिली पाळी सुटली की टपरीवर कुणालाही विचारा, “काय करतोस रे कंपनीत?” उत्तर दोन शब्दांत येतं. “डिस्पॅच बघतो.” “स्टोअर बघतो.” “क्वालिटी बघतो.” विचारणारा त्याच पट्ट्यातला असेल तर त्याला तेवढं पुरतं. हाच मुलगा पुण्याच्या किंवा दुबईच्या कंपनीच्या ऑनलाइन मुलाखतीला बसतो तेव्हा अडतो. ‘आय सी डिस्पॅच’ चूक आहे हे त्याला माहीत असतं. मग तो ऐकलेला सगळ्यात मोठा शब्द उचलतो, ‘आय मॅनेज डिस्पॅच.’ लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘तुमच्या हाताखाली किती माणसं आहेत?’ एकही नसतं. मुलगा खोटारडा नाही, कामाला पक्का आहे, पण त्या क्षणी समोरच्याच्या मनात शंका बसते आणि ती पुढची वीस मिनिटं निघत नाही.

मी अंबडच्या एका कारखान्यात बावीस वर्षं कार्मिक विभागात होतो. शेकडो मुलाखती घेतल्या, काही दिल्या. आता रविवारी सकाळी सिडकोतली, पंचवटीतली, सिन्नरकडची मुलं-मुली बायोडेटा घेऊन घरी येतात. त्यांच्या बहुतेक चुका इंग्रजी कच्चं असल्यामुळे होतच नाहीत. त्या मराठी पक्कं असल्यामुळे होतात. मराठीत जे वाक्य अगदी बरोबर आहे, तेच इंग्रजीचे कपडे घालून बाहेर पडतं. म्हणून मी व्याकरणाचं पुस्तक उघडत नाही. आधी विचारतो, हे तू मराठीत कसं सांगशील? आणि तिथूनच वाट काढतो.

‘बघतो’पासूनच सुरुवात करू, कारण या एका क्रियापदाच्या पोटात इंग्रजीतली पाच-सहा क्रियापदं आहेत. डिस्पॅचची कागदपत्रं तुम्ही स्वतः करत असाल, गाडीत माल नीट भरला का हे स्वतः तपासत असाल, तर तेच सांगा: ‘आय प्रिपेअर द डिस्पॅच पेपर्स अँड चेक द लोडिंग.’ ते काम नेमून तुमच्याकडे दिलेलं असेल आणि कुणी चौकशीला आलं की तुमच्याकडेच पाठवत असतील, तर ‘आय हँडल डिस्पॅच’ किंवा ‘आय लुक आफ्टर डिस्पॅच’. चार लोडरकडून काम करून घेत असाल तर ‘आय सुपरवाइज फोर लोडर्स’. कोणती गाडी कधी सोडायची, ट्रान्सपोर्टर कोणता घ्यायचा, रजा कुणाची मंजूर करायची हे ठरवत असाल, तेव्हाच ‘आय मॅनेज’. आणि नुसते आकडे भरून साहेबांना रोज कळवत असाल तर ‘आय ट्रॅक’ किंवा ‘आय मॉनिटर’. यातलं एकही काम हलकं नाही. मुलाखत घेणाऱ्याला फक्त कळायला हवं की तुमचा हात कुठपर्यंत पोचतो.

‘देखरेख’ म्हणताना एक खड्डा आहे, तो आधीच दाखवून ठेवतो. देखरेख करणं म्हणजे ‘ओव्हरसी’. त्याच्यासारखाच दिसणारा ‘ओव्हरलुक’ नेमका उलटा आहे. ‘आय ओव्हरलुक क्वालिटी’ याचा अर्थ क्वालिटीकडे माझं दुर्लक्ष होतं. लुक म्हणजे बघणे, ओव्हर म्हणजे वरून, असा हिशेब करून ही चूक होते, आणि ती करणारी मुलं सहसा हुशार असतात.

आता ‘अनुभव’ हा शब्दच घ्या. मराठीत मला अनुभव ‘आहे’ आणि मला अनुभव ‘आले’, दोन्हींना एकच शब्द चालतो. पहिल्यात साठलेलं कौशल्य आहे, दुसऱ्यात घडलेले प्रसंग आहेत. इंग्रजीत पहिला अनुभव मोजता येत नाही, पाण्यासारखा. म्हणून ‘फाइव्ह इयर्स ऑफ एक्सपीरिअन्स’. वर्षं अनेकवचनी, अनुभव एकवचनी. ‘एक्सपीरिअन्सेस’ म्हटलं की ते प्रसंग झाले, प्रवासातले म्हणा, आयुष्यातले म्हणा. ‘आय हॅव फाइव्ह इयर्स ऑफ एक्सपीरिअन्सेस’ म्हणणारा कामाबद्दल बोलतोय की आठवणींबद्दल, हे ऐकणाऱ्याला ठरवावं लागतं.

याच शब्दाच्या आणखी दोन खोडी आहेत. ‘आय ॲम एक्सपीरिअन्स्ड इन वेल्डिंग’ बरोबर आहे, ‘आय हॅव एक्सपीरिअन्स इन वेल्डिंग’ही बरोबर आहे. पण दोन्ही एकत्र होऊन ‘आय हॅव एक्सपीरिअन्स्ड इन वेल्डिंग’ झालं की वाक्य मोडतं. आणि लिहिताना ‘ऑफ’ गाळून नुसतं ‘फाइव्ह इयर्स एक्सपीरिअन्स’ लिहायचं असेल, तर इयर्सच्या शेवटच्या ‘एस’नंतर वर अपॉस्ट्रॉफी हवी. एकच वर्ष असेल तर ती ‘एस’च्या आधी येते. हे लक्षात राहत नसेल तर सरळ ‘ऑफ’ वापरा, सगळा प्रश्नच मिटतो. उलट वर्षं हे विशेषण म्हणून नामाच्या आधी आली की ‘एस’ गळतो: ‘थ्री-इयर डिप्लोमा’, ‘वन-इयर अप्रेंटिसशिप’. ‘थ्री इयर्स डिप्लोमा’ हे मी इतक्या बायोडेट्यांत पाहिलंय की आता डोळा आपोआप तिथे जातो.

अनुभवानंतर कोणता छोटा शब्द लावायचा याची भीती उगाच फार असते. क्षेत्र असेल तर ‘इन’: एक्सपीरिअन्स इन पॅकेजिंग. अवजार, सॉफ्टवेअर किंवा माणसं असतील तर ‘विथ’: एक्सपीरिअन्स विथ टॅली. पद असेल तर ‘ॲज’: एक्सपीरिअन्स ॲज अ फिटर. ‘अबाउट’ कुठेच नाही.

खरी गर्दी होते ती काळाच्या चौकात. रविवारी येणाऱ्या दहातल्या आठ जणांच्या तोंडी हे वाक्य असतं: ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फोर इयर्स.’ ते कुठून येतं ते बघा. मराठीत आपण म्हणतो, “मी चार वर्षांपासून इथे काम करतोय.” ‘पासून’ म्हणजे सिन्स, ‘करतोय’ म्हणजे ॲम वर्किंग. शब्दाला शब्द बरोबर लावलेला आहे, फक्त इंग्रजीत तिथे दोन वळणं आहेत आणि मराठीत रस्ता सरळ आहे.

पहिलं वळण ‘पासून’चं. मराठीत ‘चार वर्षांपासून’ आणि ‘२०२१पासून’ दोन्हींना तोच प्रत्यय लागतो. इंग्रजी मात्र लांबी वेगळी धरतं आणि सुरुवातीचा खुंटा वेगळा. लांबीला ‘फॉर’, खुंट्याला ‘सिन्स’. ओळखायला एक मराठी कसोटी आहे, ती मी सगळ्यांना देतो. त्या शब्दांच्या आधी ‘गेली’ किंवा ‘गेले’ लावून बघा. “गेली चार वर्षं” चालतं, “गेले सहा महिने” चालतं, तिथे फॉर. “गेली २०२१” चालत नाही, “गेली दिवाळीपासून” चालत नाही, तिथे सिन्स. आयटीआय संपल्यापासून, लग्न झाल्यापासून, कंपनी सिन्नरला हलल्यापासून, हे सगळे खुंटेच आहेत, म्हणून सिन्स. कसोटी मराठीची आहे, त्यामुळे ती मुलाखतीच्या धांदलीतही सुचते.

दुसरं वळण क्रियापदाचं. काम पूर्वी सुरू झालंय आणि आजही चालू आहे, असं दोन्ही टोकं धरून सांगायचं असेल तर इंग्रजीला नुसता वर्तमानकाळ पुरत नाही. तिथे ‘हॅव बीन’ लागतं: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फोर इयर्स.’ ‘आय ॲम वर्किंग हिअर’ म्हटलं की फक्त आजचं चित्र दिसतं, मागची चार वर्षं वाक्यात मावत नाहीत. मराठीतला ‘करतोय’ मात्र ती चार वर्षं सहज पोटात घेतो. आपली भाषा इथे जास्त ऐसपैस आहे, म्हणूनच आपण घसरतो.

याच्या शेजारची जागा आणखी नाजूक आहे. ‘आय हॅव वर्क्ड हिअर फॉर थ्री इयर्स’ आणि ‘आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’. वर्षं तीनच. पहिल्यात तुम्ही अजून त्या कंपनीत आहात, दुसऱ्यात सोडलीय. एका ‘हॅव’वर तुमची नोकरी चालू आहे की संपली हे ठरतं. मराठीत “मी २०१७ साली तिथे काम केलं आहे” अगदी सुरळीत वाक्य आहे, म्हणून तोंडात ‘आय हॅव वर्क्ड देअर इन २०१७’ येतं. इंग्रजीत संपलेल्या काळाची तारीख आली की ‘हॅव’ला उठावं लागतं: ‘आय वर्क्ड देअर इन २०१७.’ तारीख न देता नुसतं “असं काम मी केलेलं आहे” म्हणायचं असेल तर ‘हॅव’ परत येऊन बसतं: ‘आय हॅव वर्क्ड इन अ फाउंड्री.’

आणि ‘युज्ड टू’. याबद्दल मी मनापासून सांगतो, कारण याची किंमत मी स्वतः मोजली आहे. तिशीत असताना मुंबईच्या एका कंपनीत मुलाखतीला गेलो होतो. दर महिन्याला सहाशे कामगारांचं पगारपत्रक मी बनवायचो, त्या महिन्यातही बनवलं होतं. मी म्हणालो, ‘आय युज्ड टू प्रिपेअर द वेज शीट एव्हरी मंथ.’ माझ्या मनात ‘युज्ड टू’ म्हणजे नेहमीची सवय. समोरच्यांनी विचारलं, ‘अँड व्हॉट डू यू डू नाउ?’ मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही, म्हणून तेच वाक्य जरा मोठ्यानं म्हटलं. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. नोकरी मिळाली नाही. कारण कळायला आणखी काही वर्षं गेली. ‘युज्ड टू’ म्हणजे पूर्वी करायचो, आता करत नाही. मी त्या खोलीत दोनदा सांगितलं होतं की ते काम माझ्याकडून गेलंय. आजही रोज करत असाल तर साधं ‘आय प्रिपेअर’ म्हणा. साधा वर्तमानकाळ हा सवयीचा काळ आहे, त्याला आणखी कशाची गरज नसते.

बायोडेट्यातही हाच न्याय. चालू नोकरीखालची वाक्यं वर्तमानकाळात, सोडलेल्या नोकऱ्यांखालची भूतकाळात. पाच ओळींपैकी तीन ‘मॅनेजिंग’, एक ‘मॅनेज्ड’, एक ‘टू मॅनेज’ असली की वाचणाऱ्याचं लक्ष कामावरून उडून शेपटांवर जातं.

काळ ठरला की पुढचा प्रश्न येतो: किती येतं? मराठीत ‘येतं’ हा फार दिलदार शब्द आहे. मला एक्सेल येतं, मला वेल्डिंग येतं, मला इंग्रजी येतं. पण आपल्याच बोलीत याच्या पायऱ्याही आहेत आणि त्या सुंदर आहेत: पाहिलंय, केलंय, हात बसलाय, दुसऱ्याला शिकवतो. इंग्रजीतल्या पायऱ्या जवळजवळ याच क्रमानं येतात. जवळून पाहिलंय, कसं चालतं ते ठाऊक आहे, पण एकट्याला सोडलं तर जमेलच असं नाही. ते ‘आय ॲम फॅमिलिअर विथ’. स्वतःच्या हातानं केलंय, तर ‘आय हॅव वर्क्ड विथ’ किंवा ‘हँड्स-ऑन एक्सपीरिअन्स’. हात बसलाय, म्हणजे कुणी शेजारी उभं नसलं तरी काम बिघडत नाही, ते ‘प्रोफिशिअंट’. आणि नव्या पोरांना तुम्ही शिकवता, तर ‘आय ट्रेन न्यू ऑपरेटर्स’, हे वाक्य कुठल्याही विशेषणापेक्षा वजनदार आहे. ‘एक्सपर्ट’ शक्यतो दुसऱ्याला म्हणू द्या. ‘एक्सपोजर’ हा शब्द आपल्याकडे फार वापरला जातो आणि मुलांना तो भारी वाटतो. त्याचा अर्थ फक्त एवढाच की ते काम तुमच्या नजरेखालून गेलंय.

मशीन शॉपमध्ये या पायऱ्या अगदी उघड दिसतात. व्हीएमसीवर, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवर, काम करतो म्हणणारे तिघे असतात. एक जण पार्ट लावतो, सायकल सुरू करतो, पार्ट काढतो, गेजनं तपासतो, तो ऑपरेटर. दुसरा पार्ट पकडून ठेवणारं फिक्श्चर बसवतो, टूलचे आणि वर्कचे ऑफसेट घेतो, म्हणजे त्यांची नेमकी जागा मशीनला सांगतो, पहिला पीस पास करून देतो, तो सेटर. तिसरा प्रोग्रॅम लिहितो. तिघांचे पगार वेगळे, जबाबदाऱ्या वेगळ्या, आणि तिघेही बायोडेट्यात लिहितात, ‘वर्क्ड ऑन व्हीएमसी’. ऑपरेटरनं ‘आय ऑपरेट अ व्हीएमसी अँड इन्स्पेक्ट पार्ट्स विथ गेजेस’ म्हणावं, सेटरनं ‘आय सेट टूल अँड वर्क ऑफसेट्स’ म्हणावं, प्रोग्रॅमरनं ‘आय राइट अँड एडिट प्रोग्रॅम्स’. इथेच ‘जॉब’ शब्दही सांभाळा. शॉपवर आपण पार्टलाच जॉब म्हणतो. “माझे दोन जॉब रिजेक्ट झाले” याचं ‘टू ऑफ माय जॉब्स वेअर रिजेक्टेड’ केलंत तर कारखान्याबाहेरच्या माणसाला त्यातून काहीतरी भलतंच कळतं. बाहेर बोलताना पार्ट किंवा वर्कपीस म्हणा.

रिजेक्शनवरून आठवलं. क्वालिटीतल्या एका मुलीनं लिहिलं होतं, ‘आय वॉज रिस्पॉन्सिबल फॉर रिजेक्शन्स.’ तिला म्हणायचं होतं, रिजेक्शनचं काम माझ्याकडे होतं. वाक्याचा अर्थ निघत होता, रिजेक्शन माझ्यामुळे व्हायचं. ‘रिस्पॉन्सिबल फॉर’च्या पुढे चांगलं काम आलं तर ती जबाबदारी असते, वाईट गोष्ट आली तर तो दोष होतो. ‘रिस्पॉन्सिबल फॉर रिड्युसिंग रिजेक्शन्स’ म्हटलं की गाडी रुळावर येते. तिनं तर सहा महिने रिजेक्शनची कारणं नोंदवून दर सोमवारी प्रॉडक्शनसमोर मांडली होती. आम्ही तेच लिहिलं: ‘आय रेकॉर्डेड द कॉजेस ऑफ रिजेक्शन्स अँड प्रेझेंटेड देम टू द प्रॉडक्शन टीम एव्हरी मंडे.’ रिस्पॉन्सिबल शब्दाची गरजच उरली नाही. मेंटेनन्सवाल्यांनीही ‘आय हॅड मेनी ब्रेकडाउन्स’ टाळावं, कारण माणसाला ब्रेकडाउन झाला म्हणजे मन खचलं असा अर्थ होतो. ‘आय रिपेअर्ड मशीन्स व्हेन दे ब्रोक डाउन’, एवढं पुरे.

‘इन्चार्ज’चंही तसंच आहे. ‘आय वॉज इन चार्ज ऑफ द स्टोअर’ म्हणजे स्टोअर माझ्या ताब्यात. मध्ये एक ‘द’ घुसून ‘इन द चार्ज ऑफ’ झालं की मी कुणाच्या तरी ताब्यात. शिफ्ट इन्चार्ज हे पदनाम भारतात सगळ्यांना कळतं. परदेशी अर्ज करताना ‘शिफ्ट सुपरवायझर’ लिहिलेलं बरं.

आपण ‘आम्ही’ फार म्हणतो. “आम्ही नवीन लाइन बसवली.” हा आपला संस्कार आहे आणि तो चांगला आहे, एकट्यानं श्रेय घेणं आपल्याला जड जातं. पण मुलाखत घेणारा त्या ‘वी’मध्ये तुम्हाला शोधत असतो. संस्कार न सोडता यातून वाट निघते. आधी सगळ्यांचं सांगा, मग स्वतःचं: ‘आय वॉज पार्ट ऑफ अ टीम ऑफ सिक्स दॅट इन्स्टॉल्ड द लाइन. आय डिड द वायरिंग.’ दोन वाक्यांत सहकाऱ्यांचा मानही राहतो आणि तुमचा हातही दिसतो.

नोकरी सुटण्याबद्दल बोलताना मुलांचे चेहरे पडतात, आणि नेमकं तिथेच शब्द चुकला तर नुकसान मोठं होतं. ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांना ‘ब्रेक’ हा शब्द रोजचा. काही महिने झाले की ब्रेक देतात, मग पुन्हा घेतात. याचं ‘दे गेव्ह मी अ ब्रेक’ करू नका. इंग्रजीत त्याचा अर्थ त्यांनी मला संधी दिली, किंवा मला जरा सूट दिली. ‘आय टुक अ ब्रेक’ही नको, त्यात सुट्टी तुम्ही स्वतःहून घेतली असं होतं. जे घडलं ते सांगा: ‘माय कॉन्ट्रॅक्ट एन्डेड इन मार्च अँड वॉज रिन्यूड इन मे.’ काम कमी झालं म्हणून माणसं कमी केली आणि त्यात तुम्ही गेलात, तर ‘आय वॉज लेड ऑफ’. यात तुमचा दोष नाही हे ऐकणाऱ्याला कळतं. ‘फायर्ड’ किंवा ‘टर्मिनेटेड’ म्हटलं की तुमच्याकडून काहीतरी घडलं असा वास येतो. “मला काढलं” हे मराठी वाक्य दोन्हींना चालतं, म्हणून मुलं जवळचा शब्द उचलतात, आणि तो बहुधा टर्मिनेटेड असतो. कंपनी बंद पडली असेल तर ‘द कंपनी क्लोज्ड’. यात लाजण्यासारखं काही नाही. गेल्या तीस वर्षांत सातपूरमध्ये कितीतरी शेड बंद झालेल्या मी पाहिल्या, त्यातली माणसं उत्तम कारागीर होती.

काही शब्द भारतात सगळ्यांना समजतात, पण देशाबाहेर त्यांचा अर्थ बदलतो. ते चूक आहेत असं मी मानत नाही. भारतातलं इंग्रजीही इंग्रजीच आहे. फक्त समोर कोण बसलंय ते पाहायचं. ‘आय पास्ड आउट इन २०१९’ हे ब्रिटिश किंवा अमेरिकन माणसाला ‘२०१९ साली मी बेशुद्ध पडलो’ असं ऐकू येऊ शकतं. गंमत अशी की हा शब्दप्रयोग आपल्या नाशिकमध्ये एका ठिकाणी शंभर टक्के योग्य आहे. महाराष्ट्र पोलीस अकादमीत प्रशिक्षण संपवणाऱ्या उपनिरीक्षकांची ‘पासिंग आउट परेड’ होते, आणि लष्करी-पोलिसी प्रशिक्षणासाठी ब्रिटनमध्येही तो शब्द तसाच वापरतात. कॉलेजसाठी मात्र ‘आय ग्रॅज्युएटेड इन २०१९’ म्हणा. ‘आय डिड माय ग्रॅज्युएशन’ नको, कारण बाहेर ग्रॅज्युएशन हा पदवीदानाचा सोहळाही असतो. ‘फ्रेशर’ म्हणजे आपल्याकडे नोकरीचा अनुभव नसलेला. ब्रिटनमध्ये विद्यापीठाच्या पहिल्या वर्षात नुकता आलेला. आणि परीक्षा आपण ‘देतो’, इंग्रजीत विद्यार्थी ती ‘घेतो’: ‘आय टुक द एक्झाम.’ ‘आय गेव्ह द एक्झाम’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला तुम्ही पेपर काढणारे मास्तर वाटू शकता.

नाशिककरांसाठी आणखी एक. गोवर्धनला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे आणि काम करता करता तिथून पदवी घेतलेली हजारो माणसं या शहरात आहेत. त्यांच्या तोंडी असतं, “बी.ए. बाहेरून केलं.” मग इंग्रजीत ‘फ्रॉम आउटसाइड’ येतं, आणि ते सांगताना मान खाली जाते. मान वर करून सांगा: ‘आय अर्न्ड माय डिग्री थ्रू डिस्टन्स लर्निंग व्हाइल वर्किंग फुल टाइम.’ पाळी करून रात्री अभ्यास केलात, ते या वाक्यात आपोआप दिसतं.

जो अनुभव लोक सांगतच नाहीत, त्याचं काय? निफाड-दिंडोरीकडची मुलं येतात, बायोडेट्यात कॉलेज आणि नोकरी यांच्यामध्ये दोन वर्षं कोरी. विचारलं की म्हणतात, “काही नाही सर, घरची द्राक्षबाग होती.” मग हळूहळू निघतं. एप्रिलची छाटणी, ऑक्टोबरची छाटणी, विरळणी, फवारणीची वही, निर्यातीच्या मालासाठी मजुरांची टोळी सांभाळणं. हे ‘काही नाही’ आहे? ‘आय वर्क्ड ऑन अवर फॅमिली व्हिनयार्ड फॉर टू इयर्स. आय केप्ट द स्प्रे रेकॉर्ड्स अँड सुपरवाइज्ड ट्वेल्व्ह वर्कर्स ड्युरिंग हार्वेस्ट.’ शेतावर काम ‘ऑन’ असतं, ‘इन’ नव्हे; आणि घरची शेती म्हणजे ‘फॅमिली फार्म’, ‘हाउस फार्म’ नाही. इंदिरानगरच्या एक ताई मुलं मोठी झाल्यावर नोकरी शोधत होत्या. अकरा वर्षांसमोर त्यांनी ‘हाउसवाइफ’ लिहून रेघ मारली होती. त्या अकरापैकी सात वर्षं त्यांनी डबे दिले होते आणि बचत गटाचा हिशेब ठेवला होता. आम्ही लिहिलं, ‘रॅन अ होम-बेस्ड टिफिन सर्व्हिस’ आणि ‘केप्ट अकाउंट्स फॉर अ विमेन्स सेव्हिंग्ज ग्रुप’. ‘सेल्फ-हेल्प ग्रुप’ भारतात चालतं, पण परदेशी कंपनीला त्यातून व्यसनातून किंवा आजारातून सावरण्यासाठी भेटणाऱ्या लोकांचा गट कळू शकतो, म्हणून सेव्हिंग्ज घातलं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, “हे सगळं खरंच लिहायचं?” खरं आहे म्हणूनच लिहायचं, असं मी म्हणालो.

गेल्या रविवारी एक मुलगा आला होता. आधी त्याला मराठीत बोलायला लावलं. तो म्हणाला, “सर, २०१८ ला आयटीआय केलं, मग एक वर्ष अप्रेंटिस. मग गोंद्याला ठेकेदाराकडे दोन वर्षं, मधे ब्रेक मिळायचा. आता चार वर्षांपासून सिन्नरला व्हीएमसी बघतो. सेटिंग पण येतं.” चार वाक्यं, आणि वर सांगितलेल्या जवळजवळ सगळ्या जागा त्यात होत्या. आम्ही एकेक उचलली. ‘आय कम्प्लीटेड माय आयटीआय इन २०१८ अँड देन अ वन-इयर अप्रेंटिसशिप.’ तारीख आहे, म्हणून ‘हॅव’ नाही. ‘आय वर्क्ड ॲट अ प्लांट इन गोंदे फॉर टू इयर्स ऑन रिन्यूएबल कॉन्ट्रॅक्ट्स.’ ब्रेक शब्द गेला, हकीकत राहिली. ‘आय हॅव बीन ऑपरेटिंग अ व्हीएमसी इन सिन्नर फॉर फोर इयर्स.’ गेली चार वर्षं, म्हणून फॉर.

राहिलं ‘सेटिंग पण येतं’. त्यानं आधीच लिहून आणलं होतं, ‘एक्सपर्ट इन सेटिंग’. मी विचारलं, नवीन पार्ट आला की फिक्श्चर कोण लावतं? तो जरा थांबला. मग म्हणाला, “फिक्श्चर सीनिअर लावतात. ऑफसेट मात्र मीच घेतो, पहिला पीस मीच पास करून देतो.” त्यानं पेन घेऊन ‘एक्सपर्ट’वर काट मारली आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘आय सेट द ऑफसेट्स अँड गेट द फर्स्ट पीस अप्रूव्ह्ड. अ सीनिअर सेटर माउंट्स द फिक्श्चर.’ मग ते वाक्य त्यानं मोठ्यानं वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्याला कागदाकडे बघावं लागलं नाही.